मोठं दिसणं आणि वेगळं दिसणं : सूक्ष्मदर्शकाबद्दल थोडं सविस्तर

काचपट्टी :

परवा खरेदीच्या धाग्यावर सायलीच्या आईंनी विचारलं होतं की मुलगी सातवीत आहे, तिला सूक्ष्मदर्शक घ्यायचाय, तर १२०० पटींचा घेऊ की २००० पटींचा? दोन ओळींत उत्तर द्यायला बसले आणि लक्षात आलं की हे तेवढ्यात मावायचं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

मी कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन म्हणून एकतीस वर्षं काढली. बहुतेक सकाळी थुंकीच्या नाहीतर रक्ताच्या स्लाइडवर डोळा लावून गेल्या. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मनात पक्की बसली. सूक्ष्मदर्शकाचं खरं काम म्हणजे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसणारे दोन ठिपके दोन म्हणून दाखवणं. पुस्तकात याला विभेदन म्हणतात. मोठं करणं त्याच्या मागून येतं. मोबाइलवर लांबून काढलेला फोटो बोटांनी ताणून बघा. माणूस मोठा होतो, पण त्याच्या हातातल्या पाटीवरची अक्षरं काही वाचता येत नाहीत, कारण ती फोटोत आलेलीच नसतात. २००० पटींचा डबा बहुतेक वेळा हेच करतो.

आधी आमचं रोजचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. क्षयासाठी बेडका तपासायचा असतो. काचपट्टीवर तो पातळ पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून तीन-चार वेळा फिरवून पक्का करायचा. मग वरून लालभडक कार्बोल फुक्सिन ओतायचं आणि खालून वाफ निघेपर्यंत गरम करायचं. उकळू द्यायचं नाही. पाच मिनिटं थांबून धुवायचं. मग २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल. एवढ्या आम्लापुढे बाकी सगळ्यांचा लाल रंग उतरतो, पण क्षयाच्या जिवाणूच्या अंगावर मेणासारखं आवरण असतं, तो रंग सोडत नाही. शेवटी मेथिलीन ब्लू, अर्धा मिनिट. आता डोळा लावला की निळ्या पसाऱ्यात बारीक लाल काड्या दिसतात. एकेकटी, कधी दोघी तिरक्या पडलेल्या, कधी झुबका. लांबी दोन ते चार मायक्रॉन, जाडी अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तांबडी रक्तपेशी साधारण सात मायक्रॉनची असते, त्यावरून अंदाज करा.

स्लाइड सरकवत शंभर क्षेत्रं बघायची. क्षेत्र म्हणजे एका वेळी डोळ्यासमोर येणारं गोल दृश्य. शंभरांत मिळून एक ते नऊ काड्या सापडल्या तर तेवढा आकडा लिहायचा आणि 'स्कँटी' म्हणायचं. दहा ते नव्व्याण्णव असल्या तर एक प्लस. पुढे दोन, तीन.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एक स्लाइड निगेटिव्ह दिली. आषाढातला दिवस, दहा वाजताही बाहेर अंधारलेलं, आणि आमचा सूक्ष्मदर्शक तेव्हा आरशावर चालायचा, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. आदल्या दिवशी कुणीतरी लघवीचा नमुना बघताना कंडेन्सर, म्हणजे नमुन्याखालचं प्रकाश गोळा करणारं भिंग, खाली घेतला होता, प्रकाशाची वाट लहान-मोठी करणारा डायफ्रॅमही अर्धा मिटलेला होता, आणि मी ते न बघताच बसले. पट तेच होते, हजार. पेशींच्या कडा ठसठशीत दिसत होत्या, सगळं छान दिसतंय असंच वाटलं. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी तीच स्लाइड कंडेन्सर वर घेऊन, डायफ्रॅम उघडून पाहिली. शंभर क्षेत्रांत चार काड्या. त्या बाईंना निरोप पाठवून परत बोलावलं, औषधं सुरू झाली. मला ते चार लाल ठिपके अजून आठवतात. भिंग तेच, पटही तेच. फरक एवढाच की खालून येणारा प्रकाशाचा शंकू अरुंद झाला होता.

प्रकाशाची ही अडचण सूक्ष्मदर्शकाइतकीच जुनी आहे. लंडनच्या रॉबर्ट हूकचं 'मायक्रोग्राफिया' १६६५ साली आलं. बुचाच्या पातळ कापात त्याला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले आणि त्यांना त्याने 'सेल' म्हटलं, हे आपण शाळेत शिकलो. त्याच पुस्तकात त्याने उजेडाची सोयही सांगितली आहे. दिव्यासमोर पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवायचा आणि त्यातून जमलेला प्रकाश वस्तूवर पाडायचा. ते वाचलं तेव्हा आमची ती आषाढातली खिडकी आठवली.

हूकचा सूक्ष्मदर्शक संयुक्त होता, म्हणजे डोळ्याजवळ एक भिंग आणि वस्तूजवळ दुसरं. दोन भिंगांची जोडी चांगली, पण तेव्हाच्या काचेत प्रत्येक भिंग रंगांच्या झालरी सोडायचं आणि दोन भिंगं मिळून ती झालर वाढायची. पुढची दीडशेहून जास्त वर्षं संयुक्त सूक्ष्मदर्शक याच झालरींशी झगडत होता. म्हणूनच जिवाणू पहिल्यांदा दिसले ते एकाच भिंगाच्या साध्या यंत्रातून.

ते यंत्र नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या आंतोनी फान लेवेनहूकचं. जन्म १६३२, धंदा कापडाचा. कापडाचा पोत बघायला व्यापारी भिंग वापरत, ती त्याची सुरुवात असावी. त्याचं यंत्र तळहातात मावायचं. पितळेच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये मोहरीएवढं भिंग, मागे एक टोकदार सुई आणि स्क्रू. नमुना सुईच्या टोकावर, यंत्र डोळ्याला अगदी चिकटवून उजेडाकडे धरायचं. मिरी तिखट का लागते हे शोधायला त्याने मिरी पाण्यात भिजत घातली. तिच्या कणांना बारीक टोकं असतील असा त्याचा कयास होता. टोकं सापडली नाहीत, पण त्या पाण्यात हलणारे जीव सापडले. ९ ऑक्टोबर १६७६ च्या पत्रात त्याने ते लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला कळवलं. तिथे लोकांचा विश्वास बसेना. त्याने शहरातल्या प्रतिष्ठित माणसांच्या साक्षी लिहून पाठवल्या. शेवटी नोव्हेंबर १६७७ मध्ये हूकने स्वतः तसंच पाणी तयार करून सभासदांना ते जीव दाखवले, तेव्हा मान्य झालं. १६८३ मध्ये लेवेनहूकने स्वतःच्या दातांवरचा मळ पाहिला आणि त्यातले जिवाणू रेखाटून पाठवले. त्याचं एक यंत्र उट्रेख्टला आहे, ते सुमारे २७० पटींचं आहे. दोनशे सत्तर! आणि त्यातून जिवाणू दिसतात.

संयुक्त सूक्ष्मदर्शकाची झालर कमी झाली ती जोसेफ जॅक्सन लिस्टर या इंग्रज दारूव्यापाऱ्यामुळे. दोन वेगळ्या काचांची जोडभिंगं ठरावीक अंतरावर बसवली तर दोष एकमेकांना खोडतात, हे त्याने १८३० मध्ये मांडलं. शस्त्रक्रियेत जंतुनाशक आणणारा जोसेफ लिस्टर हा त्याचाच मुलगा.

मग येना. जर्मनीतलं लहानसं विद्यापीठाचं गाव. कार्ल झाइसने १८४६ मध्ये तिथे कार्यशाळा काढली. त्या काळी कारागीर भिंगं घासायचे, लावून बघायचे, नाही जमलं की पुन्हा घासायचे. झाइसला वाटलं हे गणिताने करता यायला हवं, म्हणून १८६६ मध्ये त्याने अर्न्स्ट आबे या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला सोबत घेतलं. आबेने हिशेब करून भिंगं काढली. दोष कमी राहावेत म्हणून भिंगाचं तोंड लहान ठेवलं. चित्र स्वच्छ आलं, पण बारकावे गेले, आणि घासून-लावून केलेली जुनी भिंगंच सरस ठरली. हे का झालं याच्या मागे तो लागला आणि त्यातून त्याला कळलं की वस्तूच्या बारीक रचनेवर प्रकाश विखुरतो, आणि तो बाजूला फेकला गेलेला प्रकाश भिंगाने गोळा केला तरच बारकावा चित्रात उतरतो. १८७३ मध्ये त्याने मर्यादा मांडली. सर्वांत लहान ओळखू येणारं अंतर म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी भागिले भिंगाच्या 'एन.ए.'ची दुप्पट. एन.ए. म्हणजे भिंग किती रुंद शंकूतला प्रकाश आत घेतं त्याचं माप. ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे वस्तूजवळच्या भिंगावर, पटींच्या शेजारी हा आकडा कोरलेला असतो आणि बहुतेक लोक तो वाचतच नाहीत. ४०/०.६५, १००/१.२५. तोच वाचायचा.

हिरवा प्रकाश घ्या, तरंगलांबी ५५० नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. एन.ए. १.२५ असेल तर उत्तर येतं २२० नॅनोमीटर, म्हणजे पाव मायक्रॉनपेक्षा थोडं कमी. त्याखाली साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून जाता येत नाही, मग पट कितीही लिहा. एन.ए.च्या साधारण हजार पट एवढंच विवर्धन उपयोगाचं. म्हणजे १.२५ ला १२५० पट. पुढचं सगळं पोकळ.

आणि तेल. हवेत एन.ए. एकच्या पुढे जात नाही, कारण काचेतून हवेत येताना तिरके किरण फाकून भिंगाबाहेर जातात. काच आणि भिंग यांच्यामध्ये काचेइतकाच वक्रीभवनांक असलेलं तेल घातलं की किरणांना काच संपल्याचं कळतच नाही. ते तेल ज्या बाटलीत असतं तिच्यात काचेची कांडी बुडवून बघा, बुडालेला भाग दिसेनासा होतो. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनला क्षयाचा जिवाणू जाहीर केला, तो झाइसच्या ऑइल इमर्शन भिंगातून आणि आबेच्या कंडेन्सरखाली पाहून. मी पुढे शंभर वर्षांनी त्याच दोन वस्तूंवर नोकरी केली.

इलेक्ट्रॉनवाले, ध्रुवीकरणवाले प्रकार मी हाताळलेले नाहीत. इथे ज्यांनी हाताळलेत त्यांनी लिहावं.

---

सायलीची आई :

काचपट्टी ताई, मनापासून आभार. दोनदा वाचलं, एकदा सायलीला वाचून दाखवलं. तिने लगेच विचारलं, मग आपण काय घ्यायचं?

---

नोंदवही :

उत्तम लेख. एक शंका आहे आणि एक हरकतही. शंका अशी की आमच्या पुस्तकात १५९० साली झाखारियास यान्सेनने सूक्ष्मदर्शक शोधला असं होतं, त्याचा उल्लेखच नाही. आणि हरकत अशी की विवर्धनाला तुम्ही फारच दुय्यम ठरवलंत. भिंगाने दोन ठिपके वेगळे केले, पण ते डोळ्याला जाणवण्याइतके लांब आले नाहीत, तर ते वेगळे होऊन काय फायदा?

---

काचपट्टी :

नोंदवही, हरकत रास्त आहे, आणि तिच्यातूनच हजार हा आकडा येतो. वस्तू पंचवीस सेंटिमीटरवर धरली तर डोळ्याला साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर अंतरावरचे ठिपके वेगळे कळतात. भिंग ०.२ मायक्रॉन वेगळं करतं. ते ताणून ०.२ मिलिमीटर करायचं तर हजार पट हवेत. त्याहून कमी पट घेतले तर भिंगाने मिळवलेलं डोळ्यापर्यंत पोचत नाही. मी लिहिताना ही बाजू सोडली होती, ती तुम्ही भरून काढलीत.

सायलीची आई, तुमचं उत्तर : ४, १० आणि ४० ही तीन ऑब्जेक्टिव्ह आणि १० ची नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग), दोन्हींचा गुणाकार म्हणजे ४०, १०० आणि ४०० पट. सातवीतल्या मुलीला एवढं पुष्कळ झालं. अंबाल्याला शाळा-कॉलेजांसाठी असे धातूच्या अंगाचे सूक्ष्मदर्शक बनतात, ते सगळीकडे मिळतात. प्लॅस्टिकची भिंगं, प्लॅस्टिकचे स्क्रू असलेला रंगीत खेळण्यातला घेऊ नका, त्याचा फोकस धरून राहत नाही. खाली आरसा असो की एलईडी, दोन्ही चालतील, पण डायफ्रॅम उघडता-मिटता यायला हवा. १०० चं भिंग तेलाशिवाय चालत नाही आणि तेल पुसायचं राहिलं की भिंग जातं, ते आत्ता नकोच.

फोकस करताना बाजूने बघत भिंग काचेच्या अगदी जवळ न्यायचं, मग नेत्रिकेतून बघत लांब न्यायचं. उलट कधीच करायचं नाही, काचपट्टी फुटते.

---

कालवा :

मी डेल्फ्टला राहतो, इथल्याच एका पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करतो. नोंदवहींच्या शंकेबद्दल.

यान्सेनचा दावा फार कच्चा आहे. तो मिडलबर्गचा चष्मेवाला, जन्म १५८५ च्या आसपासचा. म्हणजे १५९० साली पाच वर्षांचा. ही गोष्ट त्याच्या मुलाने १६५५ मध्ये, बापाच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, साक्ष देताना सांगितली. खात्रीने हातात लागतं ते १६२० च्या सुमाराचं. कोर्नेलिस ड्रेबेल हा डच संशोधक तेव्हा लंडनला होता आणि त्याच्याकडे संयुक्त सूक्ष्मदर्शक होता. १६२४ मध्ये गॅलिलिओने स्वतःचं यंत्र रोमला मित्राकडे पाठवलं, तो त्याला 'छोटा डोळा' म्हणायचा. 'मायक्रोस्कोप' हा शब्द १६२५ मध्ये जोव्हान्नी फाबेरने बनवला.

आता लेवेनहूकबद्दल थोडं. तो भिंगं कशी करतो ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. पाचशेहून जास्त भिंगं केली, त्यांतली आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. रॉयल सोसायटीला मृत्युपत्राने दिलेली चांदीची २६ यंत्रं तर हरवलीच. उरलेली उघडून बघायची तर ती मोडणार. म्हणून इथल्याच तंत्रविद्यापीठाच्या अणुभट्टीवर त्यांचं न्यूट्रॉनने चित्रण केलं. न्यूट्रॉन पितळेतून आरपार जातात आणि आतल्या काचेचा आकार दाखवतात. २०२१ मध्ये निकाल आला. उट्रेख्टचं ते २७० पटींचं भिंग घासलेलं नाही. ते वितळवून केलेला काचेचा मणी आहे. काचेचा बारीक धागा ज्योतीत धरला की टोकाला आपोआप गोल थेंब होतो, तो हा मणी. आणि ही रीत हूकने 'मायक्रोग्राफिया'च्या प्रस्तावनेतच छापून टाकली होती! ज्या हूकने त्याला खरं ठरवलं, त्याचीच रीत त्याच्या सर्वांत ताकदीच्या भिंगात निघाली.

लायडनच्या बूरहाव संग्रहालयात त्याची यंत्रं बघता येतात. मी आई-बाबांना घेऊन गेलो होतो. बाबा पुण्यात आयुष्यभर लेथवर काम केलेले. ते त्या पितळी पट्टीचे रिव्हेट आणि हाताने कापलेले आटे वाकून वाकून बघत होते, पुढच्या दालनात यायलाच तयार नव्हते.

---

कातळ :

ध्रुवीकरणवाला प्रकार माझ्याकडे. भूशास्त्राचा मनुष्य आहे.

आमचा नमुना म्हणजे दगड. सह्याद्रीतला काळा बेसाल्ट घ्यायचा, करवतीने चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि घासत घासत ०.०३ मिलिमीटर जाडीवर आणायची. एवढा पातळ झाला की काळाकुट्ट दगडही पारदर्शक होतो. हा उद्योग हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने १८४९ मध्ये सुरू केला, तेव्हा डोंगर सूक्ष्मदर्शकाने बघणार का म्हणून लोकांनी त्याला हसून घेतलं होतं.

नमुना ठेवायच्या चकतीच्या, म्हणजे स्टेजच्या, खाली एक ध्रुवक, वर दुसरा, एकमेकांना आडवे. ध्रुवक म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी गाळणी. मध्ये काही नसेल तर पूर्ण अंधार. दगडाचा काप ठेवला की त्या अंधारात रंग उमटतात. प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजाच्या लांबट पट्ट्या काळ्या-पांढऱ्या धारींच्या, त्यांच्या मधल्या जागेत ऑजाइट या दुसऱ्या खनिजाचे पिवळे, नारिंगी, निळे तुकडे. स्टेज गोल फिरतं, फिरवलं की एकेक स्फटिक विझतो आणि पुन्हा पेटतो. कोणत्या कोनावर विझला ते मोजून खनिज ओळखायचं. हे रंग खनिजाचे स्वतःचे नसतात. स्फटिकात प्रकाशाचे दोन भाग होतात, वेगवेगळ्या वेगाने जातात, बाहेर येऊन एकमेकांत मिसळतात, त्यातून ते रंग येतात.

ताईंच्या मुद्द्यात भर घालतो. आम्ही बहुतेक काम ४० ते १०० पटींवर करतो. आमच्याकडे सगळा प्रश्न प्रकाशाला काय विचारायचं याचा असतो, पटींचा येतच नाही.

---

मुळाकाठ :

वाचतेय. सुंदर धागा.

इलेक्ट्रॉनचं थोडक्यात लिहिते. आबेच्या सूत्रात तरंगलांबी वर आहे. ती कमी केली की मर्यादा खाली सरकते. इलेक्ट्रॉनला एक लाख व्होल्टचा धक्का दिला तर त्याची तरंगलांबी ०.००४ नॅनोमीटरच्या आसपास येते, हिरव्या प्रकाशाच्या लाखाव्या भागाहून कमी. काचेच्या भिंगाऐवजी वेटोळ्यांचं चुंबकीय क्षेत्र. बर्लिनला माक्स क्नोल आणि अर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये पहिलं यंत्र उभं केलं आणि दोन वर्षांत रुस्काने प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला मागे टाकलं. त्याला नोबेल मिळालं १९८६ मध्ये, पंचावन्न वर्षांनी. त्याच्याबरोबर ते बिनिग आणि रोरर यांनाही मिळालं. त्यांच्या यंत्रात भिंगच नाही. अतिशय टोकदार सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरते आणि मधून झिरपणारा विद्युतप्रवाह मोजून एकेक अणूचा चढउतार काढते.

दोन प्रकार लोक हमखास गोंधळतात. पारगामी म्हणजे टीईएममध्ये इलेक्ट्रॉन नमुन्यातून आरपार जातात, म्हणून नमुना शंभर नॅनोमीटरपेक्षाही पातळ हवा. क्रमवीक्षण म्हणजे एसईएममध्ये इलेक्ट्रॉनचा झोत पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरतो आणि उसळून आलेले इलेक्ट्रॉन मोजतात. माशीच्या डोळ्याचे, परागकणांचे उठावदार फोटो येतात ते एसईएमचे. दोन्हींत आत निर्वात, आणि मूळ चित्र काळं-पांढरं. पेपरात येणारा लाल-हिरवा रंग मागाहून भरलेला असतो.

आमच्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये करोना विषाणूचं टीईएम चित्र प्रसिद्ध केलं. केरळमधल्या, भारतातल्या पहिल्या रुग्णाच्या घशातला नमुना होता. त्यातला एक कण ७५ नॅनोमीटरचा, कडेला ते मुकुटासारखे काटे. ताईंच्या २२० नॅनोमीटरच्या हिशेबात तो बसतच नाही, कितीही तेल घाला. त्या वर्षी माझा बाबा आयसीयूत होता. पेपरात तो काळा-पांढरा ठिपका पाहिला तेव्हा निदान समोर काय आहे ते दिसतंय, एवढा आधार वाटला होता. बाबा बरा होऊन घरी आला.

---

फळा_खडू :

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे फोल्डस्कोप आहेत. स्टॅनफर्डचे मनु प्रकाश, मूळचे मेरठचे, यांनी केलेला कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक. २०१४ मध्ये त्याचा शोधनिबंध आला. आत काचेचा मणी, १४० पट, साहित्याचा खर्च एका डॉलरच्या आत. कालवा यांनी लिहिलेलं वाचून लक्षात आलं की हे लेवेनहूकचंच यंत्र आहे, पितळेऐवजी कागदाचं.

पोरं तो डोळ्याला चिकटवून खिडकीकडे तोंड करून उभी राहतात. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची साल, कांद्याचा पापुद्रा, डासाचा पंख. पंखावर कडेने खवल्यांची झालर असते, ती पाहून एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, याला पिसं आहेत." सिकंदराबादला रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी ॲनोफिलिस डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले ते मी त्या दिवशी मुलांना सांगितलं. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले आणि शेवटच्या नेत्रिकेला तडा गेलेला, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

ताई, एक अडचण आहे. आमच्याकडे एक जुना चांगला सूक्ष्मदर्शकही आहे, त्यात सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं. कपाटात तीन पावसाळे बंद होता.

---

काचपट्टी :

गुरुजी, बुरशी असणार. नेत्रिका काढून उजेडाकडे तिरकी धरा, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतील. कोकणात आम्ही यापायी दोन ऑब्जेक्टिव्ह गमावली. बुरशी काचेवरचा लेप खाते, मग पुसूनही डाग राहतो.

बाहेरच्या काचेवर असेल तर भिंगाच्या कागदाला किंचित इथर-अल्कोहोल लावून मधून कडेकडे गोल पुसा. रुमाल, कापूस, धोतराचा तुकडा काही लावू नका. आतल्या भिंगावर असेल तर उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडेच द्या. पुढच्या पावसाळ्यात कापडी खोळ काढून टाका, ओल धरते. बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर भाजून परत निळ्या करा. आम्ही लाकडी कपाटात लहान बल्ब रात्रंदिवस पेटता ठेवायचो, तेही चालतं.

---

कालवा :

एक प्रकार राहिला, माझ्या रोजच्या कामाचा.

ताईंनी स्लाइड रंगवायची रीत सांगितली. रंगवली की पेशी मेलेली असते. जिवंत पेशी पाण्यासारखी पारदर्शक असते, प्रकाश तिच्यातून जवळजवळ तेवढाच बाहेर येतो, फक्त थोडा मागे पडतो. हे मागे पडणं डोळ्याला कळत नाही. खोर्निंगेनच्या फ्रिट्स झेर्निकेने १९३० च्या दशकात युक्ती काढली. थेट आलेल्या प्रकाशाला पाव तरंगलांबीचा फरक द्यायचा, मग मागे पडलेला प्रकाश त्याच्याशी मिसळताना उजळ-काळोख्या छटा होतात. हा फेज कॉन्ट्रास्ट. तो हे घेऊन येनाला झाइसकडे गेला, तिथे फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९५३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पेशी दुभंगताना जिवंतपणी बघता आली ती यामुळे.

आणि आबेची मर्यादा? येनाच्या विद्यापीठाजवळ तिचं सूत्र दगडात कोरलेलं स्मारक आहे. श्टेफान हेलने १९९४ मध्ये तिला वळसा घालायची कल्पना मांडली. चमकणारे रेणू एका झोताने पेटवायचे, लगेच दुसऱ्या, मध्ये भोक असलेल्या मेदूवड्यासारख्या झोताने कडेचे विझवायचे. उरतो तो मधला बारीक ठिपका, आणि तो फिरवत चित्र काढायचं. २०१४ चं रसायनाचं नोबेल त्याला आणि आणखी दोघांना मिळालं. सूत्र चुकीचं ठरलं नाही. एका वेळी शेजारचे दोन ठिपके पेटूच द्यायचे नाहीत, एवढंच त्याने केलं. ताई म्हणाल्या तेच, वेगळं दिसणं.

---

सायलीची आई :

बरेच दिवसांनी लिहितेय. ताईंनी सांगितला तसाच ४-१०-४० चा घेतला. पहिले दोन दिवस कांदा, मीठ, केस झाले. मग सायलीने सोसायटीच्या कमळाच्या टाकीतलं पाणी, तळाचा एक कुजका देठ घालून, बरणीत चार दिवस खिडकीत ठेवलं. काल संध्याकाळी १० च्या भिंगाखाली तिला काहीतरी दिसलं आणि तिने मला ओढत नेलं.

देठाच्या कडेला झुडपासारखं काही होतं. प्रत्येकाला एक लांब दोरी आणि टोकाला उलट्या घंटेसारखा पेला. पेल्याच्या काठावर काहीतरी गरगर फिरतंय. सायलीने टेबलाला धक्का दिला आणि सगळ्या दोऱ्या एकदम आखडून स्प्रिंगसारख्या गुंडाळल्या गेल्या. मग हळूहळू सरळ झाल्या. तिने चित्र काढलंय, वहीत तारीख घालून. हे काय आहे?

---

काचपट्टी :

सायलीला सांगा, ती व्होर्टिसेला आहे. एकाच पेशीचा जीव. काठावर फिरतंय असं दिसतं ते बारीक केस आहेत, ते पाण्यात भोवरा करून जिवाणू तोंडाकडे ओढतात. दोरीच्या आत एक आकुंचन पावणारा धागा असतो, धक्का लागला की तो डोळ्याची पापणी लवायच्या आत गोळा होतो.

लेवेनहूकच्या ९ ऑक्टोबर १६७६ च्या पत्रात हिचंच वर्णन आहे, घंटेसारखं अंग आणि मागे शेपटी. तिला म्हणावं डायफ्रॅम थोडा मिटून बघ, दोरीतला धागा दिसेल. इथे मिटायचा, कारण ही रंगवलेली नाही. आणि बरणीतलं पाणी इतक्यात फेकू नका, देठ कुजत जाईल तसे आठवड्याभराने वेगळे जीव येतात. तिचं पुढचं चित्रही इथे टाका.